लष्करी अवकाश कार्यक्रमांवरील सरकारी देखरेख (अमेरिका)

अमेरिकेच्या संरक्षण खात्याचे उपग्रह, त्यांचे प्रक्षेपण आणि त्यांना हाताळणाऱ्या जमिनीवरील यंत्रणा यांचा खर्च व कारभार तपासण्याची व्यवस्था. पैशाच्या नाड्या काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकी संसदेच्या हाती असतात. दरवर्षी दोन्ही सभागृहांच्या सशस्त्र सेवा समित्या कार्यक्रमांना मंजुरी देतात आणि विनियोग समित्या प्रत्यक्ष निधी देतात. हेरगिरीच्या उपग्रहांचा कारभार गुप्तवार्ता समित्यांपुढे बंद दाराआड येतो. या सर्वांसाठी हिशेब आणि कारभार तपासून देणारी संस्था म्हणजे गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस (गाओ). ती १९२१ मध्ये स्थापन झाली आणि २००४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. तिच्या प्रमुखाची मुदत १५ वर्षांची असते व फेरनियुक्ती होत नाही, त्यामुळे कोणाची मर्जी सांभाळण्याचे त्याला फारसे कारण उरत नाही. मात्र गाओ फक्त शिफारस करते. कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार तिला नाही.

खर्चाला वेसण घालणारे मुख्य हत्यार म्हणजे १९८२ मध्ये आलेली नन-मॅककर्डी तरतूद. प्रति नग खर्च चालू अंदाजापेक्षा २५ टक्क्यांनी किंवा मूळ अंदाजापेक्षा ५० टक्क्यांनी वाढला, तर तो कार्यक्रम रद्द होणार असे कायदा गृहीत धरतो. कार्यक्रम राष्ट्रीय सुरक्षेसाठी अत्यावश्यक आहे, कमी खर्चाचा पर्याय नाही, नवा अंदाज वाजवी आहे आणि व्यवस्थापन खर्च आटोक्यात ठेवू शकेल, असे प्रमाणपत्र खात्याने दिले तरच तो वाचतो. कागदावर हे कडक वाटते. पण उपग्रहाचा बराचसा पैसा पहिला नग उडण्याआधीच आराखडा, संवेदक आणि सॉफ्टवेअर यांत जिरतो. धोक्याची घंटा वाजेपर्यंत जुने उपग्रह म्हातारे झालेले असतात आणि पर्याय हाताशी नसतो. मग प्रमाणपत्र नाकारणार कोण?

क्षेपणास्त्र सुटल्याची उष्णता अवकाशातून टिपणाऱ्या ‘सिबर्स’ या प्रणालीचे उदाहरण बोलके आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या कार्यक्रमाचा खर्च ५ अब्ज डॉलरच्या आत राहील असा अंदाज होता. पुढे तो १८ अब्ज डॉलरच्या वर गेला (त्यात नंतर वाढवलेले उपग्रहही आले). २००२ आणि २००५ अशा दोन्ही वेळी खात्याने प्रमाणपत्र दिले. भूस्थिर कक्षेतला (पृथ्वीवरून एकाच जागी स्थिर दिसणारा) पहिला उपग्रह ठरल्यापेक्षा सुमारे नऊ वर्षे उशिरा, मे २०११ मध्ये उडाला. तरी काम संपले नव्हते: त्यावरचा एकाच भागाकडे टक लावून पाहणारा संवेदक माहिती पाठवू लागला, पण तिचा पुरता उपयोग करू शकणारे जमिनीवरचे सॉफ्टवेअर तयार नव्हते.

दोष एकट्या ठेकेदाराचा नव्हता. १९९० च्या दशकात काटकसर म्हणून सरकारने संपूर्ण प्रणालीची जबाबदारीच कंपन्यांवर सोपवली आणि स्वतःचे अनुभवी अभियंते व खर्चाचे जाणकार कमी होऊ दिले. अवकाश उद्योगातील निवृत्त अधिकारी टॉम यंग यांच्या अध्यक्षतेखाली या खरेदीची तपासणी करणाऱ्या गटाने २००३ मध्ये स्पष्ट सांगितले, की मोहिमेच्या यशाऐवजी खर्च हाच निर्णयांचा मुख्य आधार बनला आहे. स्वस्तात करण्याच्या नादात काम महाग पडले, असाच त्याचा अर्थ.

उपग्रह वर आणि जमीन मागे, हा प्रकार जीपीएसमध्येही दिसतो. जॅमिंगला (शत्रूने संकेत दाबून टाकण्याला) तोंड देणारा लष्करी संकेत ‘एम-कोड’ प्रसारित करू शकणारे उपग्रह २००५ पासून उडत होते. त्यासाठीच्या जमिनीवरील नव्या नियंत्रणप्रणालीचे, ‘ओसीएक्स’चे कंत्राट २०१० मध्ये दिले गेले आणि २०१६ मध्ये तिने नन-मॅककर्डीची मर्यादा ओलांडली. त्याच वर्षी गाओने लष्करी अवकाश खरेदीशी संबंधित संस्था मोजल्या, तेव्हा त्या सुमारे ६० भरल्या. नकार देऊ शकणारे पुष्कळ, जबाबदारी घेणारा एकही नाही, अशी ही अवस्था. २० डिसेंबर २०१९ रोजी अवकाश दल स्थापन करण्यामागे हेही एक कारण होते.

गुप्त कार्यक्रमांत नजर आणखी अधू होते. हेर-उपग्रहांचा कारभार पाहणाऱ्या, १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय टेहळणी कार्यालयाचे अस्तित्वच १९९२ पर्यंत अधिकृतपणे मान्य केलेले नव्हते. त्याने १ अब्ज डॉलरहून अधिक न खर्चलेला निधी साठवल्याचे १९९० च्या दशकाच्या मध्यावर उघड झाले आणि १९९६ मध्ये संचालक व उपसंचालक यांना पायउतार व्हावे लागले.

२०१९ मध्ये स्थापन झालेली स्पेस डेव्हलपमेंट एजन्सी याउलट मार्गाने जाते: लहान, स्वस्त उपग्रहांची तुकडी साधारण दर दोन वर्षांनी. अशी जलद खरेदी प्रामुख्याने ‘मध्यम स्तर’ नावाच्या मार्गाने होते, आणि त्या मार्गावरील कार्यक्रमांना नन-मॅककर्डी लागूच होत नाही. उपग्रहांना एकमेकांशी जोडणारे लेझर दुवे पूर्णपणे सिद्ध होण्याआधीच पुढच्या तुकड्यांवर पैसा लावला जात असल्याचे गाओने फेब्रुवारी २०२५ मध्ये नोंदवले.