स्थानबद्ध कुटुंबांना मदतसामग्री

युद्धकाळात शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून, किंवा निव्वळ त्या वंशाचे म्हणून, खटला न भरता छावणीत ठेवलेल्या कुटुंबांना बाहेरच्या लोकांनी अन्न, कपडे, साबण, औषधे, पुस्तके, खेळणी अशा वस्तू पोहोचवण्याची प्रथा. स्थानबद्धांवर कसला आरोप नसतो, म्हणून त्यांना गुन्हेगार म्हणता येत नाही. आणि फाटकाबाहेर पडता येत नाही, म्हणून निर्वासितही म्हणता येत नाही. त्यामुळे त्यांना काही द्यायचे तर दात्याच्या इच्छेइतकीच छावणीच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. कोणती वस्तू आत जाईल, किती जाईल, कोणाच्या हातात पडेल, हे तोच ठरवतो.

नाशिकचा या विषयाशी संबंध जवळच्या देवळालीच्या लष्करी ठाण्यामुळे येतो. मुंबईच्या लोहमार्गावर असल्याने इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात येथे येणाऱ्या-जाणाऱ्या पलटणींसाठी बराकी बांधल्या. दुसरे महायुद्ध सुरू होताच हिंदुस्थानातले जर्मन पुरुष पकडून अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) ठेवण्यात आले. १९४१ मध्ये त्यांना काही महिने देवळालीत हलवले आणि तेथून पुढे डेहराडूनच्या मोठ्या छावणीत नेले. त्यांत मिशनरी होते, व्यापारी कंपन्यांचे नोकर होते, आणि हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून पळालेले ज्यूही होते. कागदोपत्री सगळेच ‘शत्रू’. गिर्यारोहक हाइनरिक हारर याच वाटेने डेहराडूनला पोहोचला आणि १९४४ मध्ये तेथून निसटून तिबेटात गेला.

देवळालीत प्रामुख्याने पुरुष होते. बायकामुलांची सोय सातारा आणि पुरंदर किल्ला येथे होती. तेथे नियम सैल असत आणि काही कुटुंबे एकत्र राहू शकत. पहिल्या महायुद्धातही साधारण हीच विभागणी होती : पुरुष अहमदनगरला, कुटुंबे बेळगावला. बाप एका जिल्ह्यात आणि लेकरे दुसऱ्या, अशी घरे फुटल्यावर पत्र आणि पार्सल हाच संसाराचा दोरा उरतो. जर्मनांच्या हितसंबंधांची देखरेख स्वित्झर्लंडकडे होती, आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे प्रतिनिधी छावण्या पाहून जात, आणि वायएमसीए या ख्रिस्ती सेवासंस्थेची युद्धकैद्यांसाठीची शाखा पुस्तके, वाद्ये व खेळाचे सामान पुरवी.

देवळाली आणि देवली यांची गल्लत वारंवार होते, छापील मजकुरातही. देवली राजस्थानात टोंक जिल्ह्यात आहे. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूर-मलायातून आणलेली जपानी कुटुंबे आधी दिल्लीच्या पुराना किल्ल्यात तंबूंमध्ये आणि नंतर देवलीला होती. १९६२ च्या चीन युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग या भागांतून उचललेले सुमारे ३,००० चिनी वंशाचे लोक ठेवले गेले तेही देवलीलाच. त्यांतले बरेच येथेच जन्मलेले होते, आणि काहींची सुटका व्हायला पुढे कित्येक वर्षे लागली.

या मदतीचा आधुनिक इतिहास बोअर युद्धापासून, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअर लोकांशी ब्रिटिशांनी केलेल्या युद्धापासून मांडतात. ब्रिटिश सैन्याने दक्षिण आफ्रिकेतली शेतघरे जाळली आणि बायकामुलांना छावण्यांत कोंबले. एमिली हॉबहाऊस या इंग्रज बाईंनी लंडनमध्ये निधी उभा केला आणि जानेवारी १९०१ मध्ये त्या स्वतः ब्लूमफाँटेनच्या छावणीत गेल्या. बरोबर रेल्वेचा एक डबाभर कपडे व खाद्यपदार्थ होते. लष्कराने तेवढेच आणि तेथवरच नेऊ दिले. आत पाहतात तो साबणच नाही. शिध्यात तो मिळत नसे, आणि विचारले तर साबण ही चैनीची वस्तू आहे असे उत्तर आले. पाणी अपुरे, सरपण अपुरे, एकेका तंबूत दाटी, गोवर आणि टायफॉइड पसरलेला. या छावण्यांत सुमारे २८,००० बोअर माणसे मेली, त्यांत २२,००० हून अधिक मुले होती. काळ्या लोकांच्या छावण्या वेगळ्या होत्या, तेथेही हजारो मेले, आणि त्यांच्याकडे मदत जवळजवळ वळलीच नाही. हॉबहाऊस यांच्या डबाभर सामानाने फार थोड्यांचे भागले असेल. त्यांनी परत जाऊन लिहिलेल्या अहवालाने मात्र इंग्लंडमध्ये काहूर माजले आणि सरकारला चौकशी नेमावी लागली. मदत घेऊन आत गेलेला माणूस साक्षीदार होऊन बाहेर येतो. लष्करी अधिकारी दात्यांना बिचकतात ते बहुधा यामुळेच.

दुसऱ्या महायुद्धात पार्सलला ठरावीक रूप आले. ब्रिटिश व कॅनडाच्या रेडक्रॉसचा खोका साधारण ११ पौंडांचा, म्हणजे ५ किलोचा असे : चहा किंवा कॉफी, साखर, दूध, लोणी, डबाबंद मांस, बिस्किटे, जॅम, साबण. कॅनडाच्या खोक्यात मनुकेही असत. हिंदी युद्धकैद्यांसाठी लंडनच्या इंडियन कम्फर्ट्स फंडाने वेगळी पार्सले केली, कारण डबाबंद गोमांस आमच्या शिपायांना चालणार नव्हते. त्यांत डाळ, तांदूळ, करी पावडर असे. १९४२ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तोब्रुकला मराठा पलटणीचे जवान पकडले गेले होते, तेव्हा या डाळीची किंमत महाराष्ट्रातल्या घरांना निराळी समजावण्याची गरज नाही.

सामानाची मोठी अदलाबदल आपल्या शेजारी झाली. ऑक्टोबर १९४३ मध्ये गोव्याच्या मुरगाव बंदरात अमेरिकेकडून आलेले ‘ग्रिप्सहोम’ आणि जपानकडून आलेले ‘तेइया मारू’ ही जहाजे लागली. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून बंदरही तटस्थ. दोन्हीकडचे मिळून जवळपास तीन हजार स्थानबद्ध येथे जहाज बदलून मायदेशी निघाले. त्यांच्याबरोबर माणसांपेक्षा कमी गाजलेला माल बदलला गेला. अमेरिकी रेडक्रॉसचे खोके जपानच्या ताब्यातल्या छावण्यांकडे गेले, आणि जपानी रेडक्रॉसने पाठवलेला सोया सॉस, मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) व चहा अमेरिकेतल्या जपानी वंशाच्या स्थानबद्धांच्या छावण्यांकडे गेला. मनिलाच्या सांतो तोमास छावणीत त्या नाताळात वाटले गेलेले खोके याच मार्गाने आले होते. तेथे त्याआधी रोज फाटकावर रांग लागे : फिलिपिनो मित्र आणि जुने नोकर डबे, भाजी, धुतलेले कपडे आणून देत, जपानी पहारेकरी तपासून आत सोडत. १९४४ च्या सुरुवातीला लष्कराने कारभार हाती घेतला आणि ही रांग बंद केली. त्यानंतर तेथे उपासमार सुरू झाली.

काय द्यावे, याचे चांगले उदाहरण सॅन डिएगोच्या ग्रंथपाल क्लारा ब्रीड यांचे आहे. १९४२ मध्ये अमेरिकेने १,२०,००० च्या आसपास जपानी वंशाचे लोक घरांतून हलवले. त्यांतले दोन-तृतीयांश अमेरिकेचेच नागरिक. ब्रीडबाई स्टेशनवर गेल्या आणि आपल्या बालवाचकांच्या हातात स्वतःचा पत्ता घातलेली, तिकीट लावलेली पोस्टकार्डे देऊन आल्या. मुलांनी लिहायचे, काय हवे ते मागायचे. मग त्या पुस्तके पाठवत, आणि कोणी मागितले तर साबण, कापड, दोरा, खाऊ. दात्याने आपल्या कपाटातले नको झालेले काढून देण्यापेक्षा हे फार वेगळे. त्याच वर्षीच्या नाताळात क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी आणि चर्चसंस्थांनी छावण्यांतल्या मुलांसाठी देशभरातून भेटवस्तू गोळा केल्या.

नाशकात सिंहस्थाच्या वेळी साधूंना शिजवलेले अन्नही देतात आणि कोरडा शिधाही. छावणीत शिधा अधिक मोलाचा. मेसमध्ये शेकडो लोकांबरोबर रांगेत जेवल्याने पोट भरते, पण अमेरिकेतल्या छावण्यांत पोरे आईबापांबरोबर न जेवता मित्रांच्या टेबलावर जाऊ लागली आणि घराची वीण उसवली. पीठ, डाळ, तेल आणि एक स्टोव्ह मिळाला की आईला पुन्हा आपल्या हातचे वाढता येते.

१९४९ च्या चौथ्या जिनिव्हा कराराने या सगळ्याला कायद्याची चौकट दिली. भारतात त्यासाठी १९६० चा अधिनियम आहे. कुटुंबे शक्यतो एकत्र ठेवावीत. गरोदर स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता आणि १५ वर्षांखालील मुले यांना जादा आहार द्यावा. अंघोळीला आणि धुण्याला पुरेसे पाणी व साबण द्यावा. १९०१ मधली चैन ४८ वर्षांनी हक्क झाली. मदतीच्या पार्सलांवर जकात नाही आणि टपालहशीलही नाही. टपालाची तिकिटे नाशिकरोडच्या प्रतिभूती मुद्रणालयात छापली जातात, पण या टपालाला त्यांची गरज नसते. नियम बारकाईचेही आहेत : कपडे व अन्नाच्या पार्सलात पुस्तके घालायची नाहीत (तपासणीत अडकतात), औषधे शक्यतो सामुदायिक खोक्यातून पाठवायची. वाटप स्थानबद्धांनी दर सहा महिन्यांनी गुप्त मतदानाने निवडलेल्या समितीने करायचे. आणि बाहेरून कितीही मदत आली तरी छावणी चालवणाऱ्या सरकारची जबाबदारी कमी होत नाही, हे कलम १०८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. तसे लिहावे लागले, कारण रेडक्रॉसचे खोके आले की सरकारी शिध्यात कपात करण्याचा मोह अनेक छावण्यांत दिसला होता.

मोठी उणीव एकच, पण ती मुळातली आहे. हा करार परक्या देशाच्या नागरिकांना लागू होतो. स्वतःच्याच नागरिकांना वंशावरून छावणीत घालणाऱ्या सरकारपुढे, म्हणजे अमेरिकेतल्या जपान्यांच्या आणि देवलीतल्या भारतीय नागरिक असलेल्या चिन्यांच्या बाबतीत घडले तशा प्रसंगी, तो मुका राहतो. तेथे पार्सल आत जाणे पूर्वीसारखेच फाटकावरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर राहते.