ब्लॅक ड्रममधल्या ‘शेवया’

अमेरिकेतल्या लुइझियानाच्या मचूळ खाड्यांत गाइडसोबत गळ टाकायला गेलात, की कुणीतरी सांगतंच: मोठा ब्लॅक ड्रम मासा खाऊ नका, पाणी घाण म्हणून त्यात किडे पडतात.

किडे असतात, हे खरं. शेपटीकडचं मांस कापलं की पांढऱ्या शेवयांसारखे लोंबतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याची भूकच मरते. पण त्या फीतकृमीच्या अळ्या. त्यांचं पुढचं घर शार्कच्या आतड्यात, माणसाच्या नव्हे. घाण पाण्याशी त्यांचा संबंध नाही. सुरीच्या टोकाने उपसा, मासा नीट शिजवा. शिजताना अळी मरतेच.

मोठ्याचं मांस राठ लागतं म्हणून सोडलात, तर पटेल. आपल्या घोळीच्याच कुळातला हा मासा, पण चव लहान ड्रमलाच.