टेक्सासमध्ये बाहेरून नेमकं कोण आलं? थोडी पार्श्वभूमी

2020 च्या जनगणनेत टेक्सासची लोकसंख्या 2 कोटी 91 लाख भरली, 10 वर्षांत जवळपास 40 लाखांची वाढ, आणि त्या वाढीतला 95 टक्के वाटा गोरे नसलेल्यांचा. हिस्पॅनिक (म्हणजे मेक्सिको आणि इतर स्पॅनिशभाषक देशांतल्या मुळाचे लोक) एकटेच 20 लाखांच्या आसपास वाढले, एशियन 6 लाखांवर, ब्लॅक साडेपाच लाख, हिस्पॅनिक नसलेले गोरे मात्र 2 लाखांच्याही आत. पुढे 2022 च्या अंदाजात हिस्पॅनिक 40.2 टक्के आणि गोरे 39.8, म्हणजे सगळ्यात मोठा गट आता हिस्पॅनिकांचा. असे आकडे आले की लोंढे आले, राज्य बदललं असा सूर लागतो, आणि तिकडे स्थायिक झालेले आपले लोकही कधीकधी तसंच बोलतात तेव्हा खरंच वाईट वाटतं.

कारण सॅन अँटोनियो 1718 मध्ये स्पॅनिश लोकांनी वसवलं, आणि त्यांच्याही कितीतरी आधीपासून कॅडो, कारांकावा, अपाची या मूळ जमाती तिथे राहतच होत्या. 1821 ला मेक्सिको स्पेनपासून स्वतंत्र झाला, टेक्सास त्याच्याकडे आलं, जमीन अफाट पण वस्ती अगदीच विरळ, म्हणून अमेरिकनांना जमिनी देऊन बोलवायचं ठरलं. स्टीफन ऑस्टिन या अमेरिकनाने पहिली 300 कुटुंबं आणली. या लोकांना कापूस पिकवायचा होता आणि तो गुलामांकडून, आणि 1829 ला मेक्सिकोने गुलामगिरीच बंद केली, मग 1830 ला कायदा करून अमेरिकेतून येणाऱ्यांना बंदी घातली. तरी लोक येतच राहिले, बेकायदेशीरपणे! म्हणजे या भागातले पहिले मोठे बेकायदा स्थलांतरित गोरे अमेरिकन होते, हे शाळेतच शिकवायला हवं असं मला वाटतं. 1835-36 ला त्यांचं मेक्सिकोविरुद्ध बंड, 1845 ला अमेरिकेत विलीन, आणि तिथले जुने मेक्सिकन घर न सोडता परक्या देशात जाऊन पडले.

मग संख्या भराभर वाढली. 1850 ला 2 लाख 12 हजार, 1860 ला 6 लाख, पण त्या 6 लाखांतले 1 लाख 82 हजार गुलाम, म्हणजे दहातले तीन जण स्वतःच्या मर्जीने आलेलेच नाहीत किंवा गुलामीतच जन्मलेले. सुटका झाल्याची बातमी गॅल्व्हस्टनला पोचली 19 जून 1865 ला, गुलामगिरी संपल्याचा दिवस म्हणून पाळतात तो जूनटीन्थ हाच. याच काळात जर्मनही आले, न्यू ब्राउनफेल्स, फ्रेडरिक्सबर्ग ही गावं त्यांची.

1910 ला मेक्सिकोत क्रांती पेटली, माणसं जीव वाचवत उत्तरेला आली, आणि टेक्सासला शेतात नि रेल्वेवर मजूर हवेच होते. 1930 च्या मंदीत यांनाच परत पाठवलं, त्यात अमेरिकेत जन्मलेले नागरिकसुद्धा होते. 1942 ला पुन्हा मजूर लागले तेव्हा टेक्सासमधली वागणूक बघून मेक्सिको सरकारने सुरुवातीला तिथे माणसं पाठवायलाच नकार दिला. गरज असली की बोलवा, संपली की हाकला, हे तिथे वारंवार झालंय.

1965 च्या अमेरिकेच्या स्थलांतर कायद्याने आशियाचं दार उघडलं. 1975 नंतर व्हिएतनामी ह्यूस्टन आणि किनाऱ्यावर आले, मग तेल, हॉस्पिटलं, आयटी यांच्या मागे भारतीय, आणि आज शुगर लँड, प्लेनो, फ्रिस्को इथे मराठी घरं सहज सापडतात, 2019 चं बृहन्महाराष्ट्र मंडळाचं, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांच्या संघटनेचं, अधिवेशन डॅलसलाच भरलं होतं. आपण या यादीत अगदी शेवटी आलोय. आणि हिस्पॅनिकांची अलीकडची बरीचशी वाढ तर सीमा ओलांडून आलेली नाहीच, ती मुलं तिथल्याच हॉस्पिटलांत जन्मली आहेत.

एवढं करून 2020 च्या मोजणीत टेक्सासमधले सुमारे साडेपाच लाख लोक सुटले असा जनगणना विभागाचाच नंतरचा अंदाज आहे, आणि देशभरात हिस्पॅनिकांची मोजणी जवळपास 5 टक्के कमी पडली. काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत, टेक्सासच्या 2 जागा वाढल्या त्या या कमी आकड्यावरच, आणि 2030 पर्यंत केंद्राच्या पैशाची वाटणीही बरीचशी त्याच आकड्यांच्या आधाराने होणार.