उशाशी जेसीबी, पायाशी डायनासोर: पोरांच्या अंथरुणातल्या पसाऱ्याची मागची हकीकत

तीन-चार वर्षांची बरीच पोरं झोपायच्या आधी अंथरुणात सगळी मालमत्ता गोळा करतात. जेसीबी, ट्रॅक्टर, दोन डायनासोर, एक डोळा निघालेला टेडी, आजीच्या चष्म्याचा रिकामा डबा, बंद पडलेला रिमोट, आणि मग उरलेल्या वीतभर जागेत स्वतः आडवं व्हायचं. रात्री कूस बदलताना ट्रॅक्टरचं चाक बरगडीत घुसलं तरी तक्रार नाही, पण आईनं हळूच तोच ट्रॅक्टर काढला की मात्र जाग येते आणि सगळी बिल्डिंग उठते. सांगलीत आमच्याकडं यावर घरोघरी दोन पार्ट्या आहेत. आजीपार्टी म्हणते आमच्या वेळी असली थेरं नव्हती, आईपार्टी मोबाईलवर वाचून सांगते हे नॉर्मल असतंय. मला दोघींचं थोडं थोडं पटतं, म्हणून हे कुठून आलं ते जरा मागं जाऊन बघूया.

सुरुवात आपल्याच घरातून करू. जुन्या घरात तान्हं पोर नुसतं मोकळं कधी झोपायचं नाही, त्याच्याभोवती कायम काहीतरी असायचं. बाळंतिणीच्या उशाखाली विळा नाहीतर चाकू, म्हणजे लोखंड पाहिजेच. पोराच्या मनगटाला वेखंड, कमरेला काळा दोरा, गळ्यात बजरबट्टू, दृष्ट लागू नये म्हणून. पाचवीला पाटा-वरवंटा मांडून सटवाईची पूजा, आणि शेजारी कोरा कागद नि लेखणी, कारण रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहिणार तर तिला साहित्य नको का. वर पाळण्याला टांगलेलं चिमणाळं, हातात खुळखुळा. आता हे सगळं अंधश्रद्धा म्हणून सोडून द्या (मीही त्यातलं काही करा म्हणून सांगत नाही, विळा तर अजिबात नको), पण एक गोष्ट बघा, झोपलेल्या पोराभोवती राखणीला वस्तू मांडायची रीत आपल्याकडं फार जुनी आहे. फक्त काय मांडायचं ते आजी ठरवायची, सुईण ठरवायची. पोराला कुणी विचारत नव्हतं. आज तीन वर्षांचं पोर स्वतः ठरवतंय की आज रात्री उशाशी कोण थांबणार, आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणात नवीन काय असेल तर ते एवढंच.

पोर जरा मोठं झालं की मग ओळीनं वाकळा टाकायच्या आणि सगळी चुलत-सख्खी भावंडं एका रांगेत, एका टोकाला आजी. तिथं डायनासोरला जागाच नव्हती, इकडून एकाची लाथ नि तिकडून दुसऱ्याचं कोपर. आणि खेळणी तरी किती होती? बेंदराला कुंभाराकडनं मातीचे बैल यायचे, त्यांची पूजा झाली की पोरांच्या ताब्यात, पण मातीचा बैल घेऊन झोपलं तर सकाळी शिंगं एकीकडं आणि बैल एकीकडं. खरसुंडीच्या जत्रेतनं नाहीतर मिरजेच्या उरुसातनं भिरभिरं, पिपाणी, फुगा, यातलं काहीच फार दिवस टिकायचं नाही, पिपाणी तर मोठी माणसंच मुद्दाम हरवायची. सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी असली तर ती फळीवर, पाहुण्यांना दिसायला. उरली चिंध्यांची बाहुली, ती तेवढी कुशीत यायची, आणि तीही सगळ्या बहिणींत मिळून एक.

पण म्हणून आजीपार्टी जिंकली असं नाही, कारण वाकळ स्वतःच काय आहे? आईची, आजीची जुनी लुगडी एकावर एक ठेवून दोरा घातलेला. शिवायला महिना-महिना लागायचा. त्या वाकळेचा एक ठराविक कोपरा धरल्याशिवाय झोप न येणारी पोरं प्रत्येक घरात होती, तो काठ दोन बोटांत चोळत बसायचं, कुणी तोंडात घालून चोखायचं, कुणाला आजीच्या पदराचं टोकच लागायचं. तुमच्या घरातल्या सत्तरीच्या माणसांना सहज विचारून बघा, निम्मे तरी लाजत कबूल करतील. म्हणजे थेरं होती, फक्त ती आवाज न करणारी आणि बिनपैशाची होती.

तिकडं युरोप-अमेरिकेत गोष्ट वेगळ्या वाटेनं गेली. खाऊनपिऊन बऱ्या असलेल्या घरांत पोराला वेगळी खोली, वेगळा पलंग, लवकर एकटं झोपायची शिस्त हे एकोणिसाव्या शतकात चांगलंच रुजलेलं होतं. पुढं १९२८ मध्ये जॉन वॉटसन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं तर मुलं वाढवायच्या पुस्तकात लिहून टाकलं की पोरांना मिठी मारू नका, मुके घेऊ नका, फारच वाटलं तर झोपताना कपाळावर एकदा आणि सकाळी हस्तांदोलन. हस्तांदोलन! आपल्याकडच्या कुठल्या आजीला हे वाचून दाखवलं तर ती त्या माणसाची दृष्टच काढेल. अशा थंड खोलीत पोरानं काहीतरी मऊ जवळ ओढलं तर नवल नाही, आणि ते मऊ काहीतरी तोवर बाजारात आलेलंही होतं. नोव्हेंबर १९०२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपीत शिकारीला गेले, लोकांनी एक अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं आणि साहेबांना म्हणाले मारा, साहेब म्हणाले बांधलेलं जनावर मी मारणार नाही. त्यावर क्लिफर्ड बेरीमन या चित्रकारानं वॉशिंग्टन पोस्टमध्ये व्यंगचित्र काढलं, ते बघून ब्रुकलिनमध्ये गोळ्या-चॉकलेटचं दुकान चालवणाऱ्या मॉरिस मिक्टम आणि त्यांच्या बायकोनं कापडी अस्वल शिवून काचेत ठेवलं, रूझवेल्टांच्या लाडक्या नावावरनं ‘टेडी’. साधारण त्याच वेळी जर्मनीत स्टाईफ कंपनीनंही हातपाय हलणारं अस्वल केलं आणि १९०३ च्या लाइपझिगच्या जत्रेत मांडलं. दोघांनी एकमेकांना न सांगता. (त्या बांधलेल्या अस्वलाचं पुढं काय झालं तर त्याला शेवटी मारलंच, अध्यक्षांनी स्वतः मारलं नाही इतकंच, पण टेडी विकणारे हा भाग सांगत नाहीत.)

तरी मोठ्या माणसांना पोराच्या हातातलं ते कळकट अस्वल म्हणजे वाईट सवयच वाटायची, अंगठा चोखण्यातली. हे मत बदललं युद्धामुळं. सप्टेंबर १९३९ मध्ये बॉम्बच्या भीतीनं इंग्लंडमधल्या शहरांतली लाखो पोरं आईबापांपासून तोडून गावाकडं पाठवली. त्याच डिसेंबरात डोनाल्ड विनिकॉट, जॉन बोल्बी आणि इमॅन्युएल मिलर या तिघा डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलला पत्र लिहून सांगितलं की दोन ते पाच वर्षांच्या पोरांना आईपासून लांब ठेवणं धोक्याचं आहे. यातला विनिकॉट हा बालरोगतज्ज्ञ, लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन हॉस्पिटलात त्यानं चाळीसेक वर्षं आया आणि पोरं बघितली. युद्धात घरापासून तुटलेल्या पोरांच्या वसतिगृहांचंही काम त्याच्याकडं होतं. १९५१ मध्ये त्यानं एक निबंध वाचला, १९५३ मध्ये तो छापून आला, आणि त्यात ही चादर-टेडी भानगड पहिल्यांदा नीट मांडली. ‘ट्रान्झिशनल ऑब्जेक्ट’ म्हणाला तो त्याला. पोराला आधी वाटत असतं आई आणि आपण एकच, मग हळूहळू कळतं की आई वेगळी आहे आणि ती खोलीबाहेर जाऊ शकते, या दोन्हीच्या मधल्या अवघड काळात पोर एखादी वस्तू पकडतं जी धड आई नाही आणि धड परकीही नाही. ही वस्तू पोरानंच निवडलेली पाहिजे, दुसऱ्यानं आणून दिली म्हणून चालत नाही. आणि ती आईनं धुवायची नाही, कारण वास गेला की पोरासाठी ती वस्तूच गेली. शहाण्या आयांना हे आपोआप कळतं, त्या वस्तू मळू देतात आणि प्रवासात सोबत नेतात असंही त्यानं लिहून ठेवलंय. विनिकॉट मला आवडतो तो यासाठी, त्याच्या लिहिण्यात आईला शिकवायचा आव कमी आहे.

मग १९५८ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला हॅरी हार्लोनं माकडांच्या पिल्लांचा तो प्रसिद्ध प्रयोग छापला. दोन खोट्या आया, एक तारेची आणि एक मऊ कापडाची. दुधाची बाटली तारेच्या आईकडं असली तरी पिल्लं दूध पिऊन परत कापडाच्या आईलाच चिकटायची. प्रयोग क्रूर होता, पिल्लांना खऱ्या आईपासून तोडूनच तो केला. पण पोट भरलं की झालं, मायेबियेचं काही नाही म्हणणाऱ्यांची बोलती त्यानं बंद केली.

आता आजीपार्टीला बळ देणारा पुरावा. १९७० मध्ये गॅडिनी या संशोधकांनी इटलीत बघितलं तर खेड्यातल्या पोरांत असल्या वस्तूला चिकटणारी साधारण ५ टक्के, आणि रोम शहरात ३१ टक्क्यांच्या आसपास. खेड्यात पोरं आईच्या जवळ झोपायची. मध्य अमेरिकेतल्या ग्वाटेमालात राहणाऱ्या ‘माया’ नावाच्या आदिवासी समाजातल्या आया आणि अमेरिकन आया यांची तुलना करणारा अभ्यास १९९२ मध्ये आला, माया पोरं आईला लागूनच झोपत होती, त्यांना ना टेडी लागायचा ना झोपायच्या आधीची गोष्ट-गाणं-पाणी-शू अशी मिरवणूक, ती आपली झोप आली की झोपायची. २००३ मध्ये न्यूयॉर्क आणि टोकियो ताडून बघितलं तर न्यूयॉर्कमध्ये ६२ टक्के पोरांना अशी वस्तू, टोकियोत ३८, जपानी घरात पोर आईबापाजवळच झोपतं. म्हणजे शेजारी माणूस असलं की वस्तूची गरज कमी पडते हे बऱ्यापैकी दिसतंय. पण टोकियोतले ते ३८ आणि आपली वाकळ चोखणारी सत्तरीची मंडळी बघितली तर माणूस असूनही काहीजणांना काठ लागतोच.

पण हे सगळं झालं एका वस्तूचं. आमच्याकडच्या पोरांना एक पुरत नाही, त्यांना अख्खा ताफा पाहिजे, त्याचं काय? इथं मला वाटतं दोन-तीन गोष्टी एकात एक मिसळल्यात. एक तर सांगलीतल्या विश्रामबागच्या फ्लॅटमध्ये पोराला स्वतःचा बेड आला, किंवा निदान डबलबेडची एक कड आली, आणि रांगेतली भावंडं गेली, मग जागा मोकळी पडली. दुसरं म्हणजे प्लॅस्टिक. एका वाढदिवसाला आता जेवढी खेळणी घरात येतात तेवढी पूर्वी अख्ख्या वाड्यात नव्हती, आणि बहुतेक माल चीनचा असायचा, त्यावर २०२० मध्ये सरकारनं आयात शुल्क २० वरनं ६० टक्के केलं, २०२३ मध्ये ७०, आणि जानेवारी २०२१ पासून खेळण्यावर आयएसआय मार्क सक्तीचा झाला, तरी अंथरुणातला ढीग काही कमी झालेला दिसत नाही. तिसरं कारण मालकीचं, आणि मला तेच सगळ्यात खरं वाटतं. दिवसभर जेसीबीवरनं धाकट्या भावाशी मारामारी झालेली असते, रात्री तो उशाखाली घेतला की सकाळपर्यंत प्रश्न मिटला. ब्रूस हूड आणि पॉल ब्लूम या मानसशास्त्रज्ञांनी २००८ मध्ये तीन ते सहा वर्षांच्या पोरांना एक ‘कॉपी मशीन’ दाखवलं, खोटंच, पण पोरांना वाटलं यातनं वस्तूची हुबेहूब दुसरी निघते. साध्या खेळण्याची कॉपी पोरं आनंदानं घेत होती. पण झोपताना लागणाऱ्या लाडक्या वस्तूची गोष्ट आली की काहींनी ती मशीनमध्ये ठेवायलाच नकार दिला आणि ज्यांनी ठेवली त्यातल्या बहुतेकांना आपली जुनीच परत पाहिजे होती. त्यामुळं हरवलेल्या टेडीच्या जागी मारुती रोडवरनं गुपचूप तसाच दुसरा आणून ठेवणाऱ्या बाबांनो, पोराला कळलेलं असतंय.

हे सगळं सांगलीकरांनी लाडाकोडाचं म्हणून उडवू नये याला एक कारण आहे, पूर. २००५, २०१९, २०२१. २०१९ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं, धोक्याची पातळी ४५. घर सोडताना मोठी माणसं कागदपत्रं, दागिने, जनावरं बघतात आणि ते बरोबरच आहे, पण शाळेच्या हॉलमध्ये सतरंजीवर पहिल्या रात्री पोरगं का झोपत नाही हे बऱ्याचदा उशिरा कळतं. २००६ च्या लेबनॉन युद्धानंतर इस्रायलमध्ये आवी सादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाबरलेल्या लहान पोरांना एक कापडी कुत्रा दिला, सांगितलं की हा घरापासून लांब आहे म्हणून उदास आहे, याला सांभाळ, जवळ घेऊन झोप. काही आठवड्यांनी त्या पोरांची भीती, रात्रीचं दचकणं कमी झालेलं दिसलं, आणि ज्यांनी कुत्र्याला जास्त जीव लावला त्यांच्यात जास्त. २००८ मध्ये हे छापून आलं. आपल्याकडं पुराच्या पिशवीत बिस्किटं-टॉर्च-औषधं यांच्याबरोबर त्या एका कळकट वस्तूला जागा ठेवली तर वजन असं काय वाढणार आहे.

राहिला घरातला रोजचा वाद. वर्षाच्या आतल्या बाळाजवळ मात्र यातलं काही नको, मऊ खेळणी, उश्या, जाड वाकळ तोंडावर आली तर श्वास अडकू शकतो हे डॉक्टर स्पष्ट सांगतात, तिथं पाळणा मोकळाच बरा. त्यापुढच्या पोरांच्या ढिगात बटण सेलवर चालणारं, लांब दोरीचं, डोळे-बटणं सुटून येणारं काही नाही एवढं बघायचं, कारण बटण सेल गिळला तर घशात आतून भाजतं. बाकी डंपर राहू दे. आणि टेडी धुवायचाच असेल तर पोर शाळेत असताना आणि कडक उन्हाच्या दिवशी, म्हणजे रात्रीपर्यंत वाळतो, फक्त बिनवासाच्या साबणानं.