‘सुगम’ भरण्याआधी अडत आणि सातबारा तपासा

कुपवाडचं वेल्डिंग वर्कशॉप असो, मिरजेतली सतारीची दुरुस्ती असो की साताऱ्यातलं पेढ्याचं दुकान, अशा धंद्यांचं प्राप्तिकर रिटर्न बहुधा ‘आयटीआर-4 सुगम’ फॉर्मवर भरलं जातं. खर्चाचा हिशोब जोडायचा नाही, ऑडिटही नाही. पण आपल्याकडे दोन गोष्टी आडव्या येतात: अडत आणि शेती.

आधी पात्रता. आर्थिक वर्ष 2025-26 च्या उत्पन्नाला 1961 चाच प्राप्तिकर कायदा लागू आहे. कलम 44एडी म्हणजे उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरायची सोय; त्याखाली उलाढाल 2 कोटींपर्यंत हवी. रोखीची जमा 5 टक्क्यांच्या आत असेल तर 3 कोटींपर्यंत चालते. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट यांच्यासाठी 44एडीए: मर्यादा 50 लाख (रोख कमी असल्यास 75 लाख) आणि नफा निम्मा धरायचा. मालट्रक 10 पर्यंत असतील तर 44एई.

कमिशन, दलाली आणि एजन्सीला मात्र 44एडी लागूच होत नाही. म्हणजे सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद-बेदाण्याच्या अडतीवर मिळणारं कमिशन 8 टक्के नफा धरून दाखवता येत नाही, आणि विमा एजंटांचंही तेच. त्यांनी वह्या ठेवून आयटीआर-3 हा धंद्याचा सविस्तर फॉर्म भरायचा. इथे खर्च वजा मिळतो, पण एका दिवसात एकाच व्यक्तीला 10,000 रुपयांहून जास्त रोख दिली असेल तर तो खर्च सहसा नामंजूर होतो. चूक लपत नाही, कारण 26एएसमध्ये (पॅनवर कापलेल्या कराच्या विवरणात) टीडीएस 194एच (कमिशन) किंवा 194डी (विमा कमिशन) खाली दिसतो.

शेतीचा मुद्दा तर हमखास सुटतो. ऊस-द्राक्षाचं उत्पन्न करमुक्त, म्हणून लोक ते लिहीतच नाहीत. ते 5,000 रुपयांपेक्षा जास्त असेल तर सुगम चालत नाही. घाबरायचं कारण नाही, 44एडीचाच नफा आयटीआर-3 मध्ये दाखवता येतो. शेतीचं निव्वळ उत्पन्न 5 लाखांच्या वर असेल तर जमिनीचं क्षेत्र, बागायत की जिरायत, स्वतःची की खंडाची हेही विचारतात; त्यासाठी सातबारा, 8अ आणि कारखान्याच्या उसाच्या पावत्या हाताशी ठेवा.

आता हिशोब. उलाढाल 24 लाख, त्यातले 18 लाख यूपीआय आणि बँकेतून, 6 लाख रोख. 18 लाखांचे 6 टक्के 1,08,000, 6 लाखांचे 8 टक्के 48,000, नफा 1,56,000. गल्ल्यातली रोकड नंतर बँकेत भरली म्हणून ती 6 टक्क्यांत जात नाही. शिवाय हा आकडा किमान आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. दुकानाचं भाडं, कामगारांचा पगार पुन्हा वजा करायचा नाही.

कागदपत्रं: आधारला जोडलेलं पॅन, सगळ्या खात्यांची वर्षभराची स्टेटमेंट, जीएसटी असल्यास त्याची 3बी रिटर्न, आणि 31 मार्चचा शिल्लक माल, उधारी, देणी व हातातली रोकड. हे शेवटचे चार आकडे अंदाजाने टाकायची सवय वाईट. बँकेचं कर्ज घेताना तेच पुढे येतात.

पोर्टलवर पॅनने लॉगिन करून आधी एआयएस (खात्याकडे नोंदलेल्या तुमच्या व्यवहारांची यादी) आणि 26एएस उतरवून घ्या, उलाढाल जीएसटीशी जुळवा, मग फॉर्म निवडा. रिफंडचं खाते आधीच प्रमाणित असावं. चुकीच्या फॉर्मवर भरलं तर 139(9) खाली सदोष रिटर्नची नोटीस येऊ शकते. उत्तराला 15 दिवस असतात.

कर 10,000 रुपयांच्या वर बसत असेल तर 44एडीवाल्यांनी सगळा ॲडव्हान्स टॅक्स 15 मार्चपर्यंत भरायचा असतो. अडत्याला चार हप्ते. राज्याचा व्यवसाय कर, म्हणजे पीटीईसीचे वर्षाचे 2,500 रुपये, वेगळा: तो 30 जूनपर्यंत महाजीएसटीच्या संकेतस्थळावर.

रिटर्न ‘सबमिट’ झालं की काम संपत नाही. 30 दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करावी लागते, आणि जुना मोबाइल नंबर आधारला असल्याने ती अनेकदा इथेच अडते. हे 30 दिवस टळले तर पडताळणीची तारीख हीच भरण्याची तारीख धरतात. ती रिटर्नच्या मुदतीनंतरची असेल तर विलंब शुल्क: उत्पन्न 5 लाखांपर्यंत 1,000, त्यावर 5,000 रुपये.