फ्रीजमध्ये रक्त नसतं तेव्हा: ताज्या रक्ताची जुनी गोष्ट

बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झाला आणि थांबतच नसेल तर बाईच्या हातात कधी कधी जेमतेम दोन तास असतात, आणि ब्लड बँक असते चार तासांवर. ही अडचण आजची नाही, माणसाचं रक्त माणसाला द्यायला सुरुवात झाली तीच या अडचणीतून. लंडनचे प्रसूतितज्ज्ञ जेम्स ब्लंडेल यांनी बाळंतिणी अशा डोळ्यांदेखत जाताना बघितल्या होत्या. त्यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले, मग १८१८ पासून माणसांवर, आणि १८२९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांची यशस्वी केस छापून आली. पेशंट बाळंतपणात खूप रक्त गेलेली बाई, आणि रक्त कुठून आलं तर तिथेच हजर असलेल्या त्यांच्या सहकाऱ्याच्या दंडातून. रक्तगट तेव्हा कुणालाच माहीत नव्हते, त्यामुळे जुळलं तर जुळलं, नाही तर ज्याला वाचवायला गेलो तोच दगावायचा.

रक्तगटांचं कोडं कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ मध्ये व्हिएन्नात सोडवलं, १९०७ मध्ये न्यूयॉर्कला रूबेन ऑटेनबर्ग यांनी क्रॉसमॅच करून, म्हणजे डोनर आणि पेशंटचं रक्त आधी जुळतं का ते तपासून, रक्त चढवलं. मग राहिली रक्त गोठण्याची अडचण. ती इतकी मोठी होती की काही सर्जन डोनरची धमनी पेशंटच्या शिरेला सरळ शिवून टाकायचे! १९१४-१५ मध्ये बेल्जियम, अर्जेंटिना आणि अमेरिकेत वेगवेगळ्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की थोडं सोडियम सायट्रेट घातलं तर रक्त गोठत नाही, आणि त्यात ग्लुकोज घातलं की काही दिवस टिकतं हे १९१६ मध्ये कळलं. पुढच्याच वर्षी अमेरिकन लष्करी डॉक्टर ओस्वाल्ड रॉबर्टसन यांनी फ्रान्समधल्या आघाडीवर ओ गटाच्या रक्ताच्या बाटल्या बर्फात ठेवून दारूगोळ्याच्या पेट्यांमधून जखमींपर्यंत नेल्या. साठवलेल्या रक्ताची गोष्ट इथून सुरू होते.

पण मला यापेक्षा महत्त्वाचं वाटतं ते १९२१ चं लंडन. पर्सी ऑलिव्हर नावाचा माणूस, डॉक्टर नव्हे, रेडक्रॉसच्या स्थानिक शाखेचा सेक्रेटरी, त्याला हॉस्पिटलमधून फोन आला की ताबडतोब डोनर पाहिजे. तो काही स्वयंसेवकांना घेऊन गेला, त्यातल्या एका नर्सचं रक्त जुळलं. दुसरा कुणी असता तर काम झालं म्हणून विसरून गेला असता. ऑलिव्हर आणि त्याच्या बायकोने घरातूनच एक यादी सुरू केली, ज्यात रक्तगट आधीच तपासलेले, तब्येत आधीच बघितलेली, फोन आला की रात्री-बेरात्री निघणारी माणसं. फ्रीज नाही, पिशव्या नाहीत, रक्त त्या माणसांच्या अंगातच आणि लागेल तेव्हा ती चालत हॉस्पिटलात येणार. याला आता 'वॉकिंग ब्लड बँक' म्हणतात आणि जिथे रक्ताचा तुटवडा आहे तिथे आजही हीच पद्धत जीव वाचवते.

त्यानंतर साठवण जोरात पुढे गेली. १९३६ मध्ये स्पेनच्या यादवी युद्धात फ्रेडरिक दुरान-जोर्दा यांनी बार्सिलोनात आणि नॉर्मन बेथ्यून यांनी माद्रिदमध्ये रक्त गोळा करून गाडीने आघाडीपर्यंत पोचवायची सोय उभी केली, १९३७ मध्ये शिकागोच्या कुक काउंटी हॉस्पिटलात बर्नार्ड फँटस यांनी 'ब्लड बँक' हा शब्द रूढ केला. पुढे काचेच्या बाटलीच्या जागी प्लॅस्टिकची पिशवी आली आणि एका पिशवीतून लाल पेशी, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पातळ भाग, आणि रक्त गोठायला मदत करणाऱ्या प्लेटलेट वेगवेगळ्या काढता यायला लागल्या. एका डोनरचं रक्त तिघांना, ही खरंच मोठी गोष्ट आहे. फक्त यासाठी सेंट्रिफ्यूज, म्हणजे रक्त गरगर फिरवून त्याचे भाग वेगळे करणारं यंत्र, लागतं, न जाणारी वीज लागते, ट्रेन्ड टेक्निशियन लागतो, आणि प्लेटलेट तर साधारण पाच दिवसच टिकतात. म्हणजे ज्या छोट्या हॉस्पिटलात महिन्यातून दोनदाच रक्त लागतं, तिथे ही व्यवस्था बसतच नाही.

मग ऐंशीच्या दशकात एचआयव्ही आला. १९८५ पासून रक्ताची टेस्ट करता यायला लागली आणि हळूहळू बहुतेक देशांनी नियम कडक केले, की रक्त मोठ्या केंद्रातच गोळा करायचं, तिथेच तपासायचं. हे बरोबरच होतं, न तपासलेल्या रक्ताने किती संसार उद्ध्वस्त झाले ते सगळ्यांना माहीत आहे. पण याचा दुसरा परिणाम असा झाला की अनेक ठिकाणी लांबच्या हॉस्पिटलातला सर्जन, जो आधी नातेवाइकाचं रक्त तिथल्या तिथे काढून चढवायचा, त्याचे हात बांधले गेले आणि त्याच्या बदल्यात त्याला काहीच मिळालं नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे बघा, जगात जेवढं रक्तदान होतं त्यातलं सुमारे ४० टक्के श्रीमंत देशांत होतं आणि तिथे जगाची जेमतेम १६ टक्के लोकसंख्या राहते. दर हजार माणसांमागे तिकडे ३१ च्या वर रक्तदानं होतात, गरीब देशांत ५.

गंमत म्हणा किंवा दुःख म्हणा, ताज्या रक्ताला पुन्हा मान मिळवून दिला तो सैन्याने, ज्याच्याकडे पैसा कमी नव्हता. इराक आणि अफगाणिस्तानात प्लेटलेट संपल्या की सैनिकांनाच रांगेत बसवून रक्त काढलं जायचं. त्यात लक्षात आलं की ताजं होल ब्लड, म्हणजे घटक वेगळे न केलेलं रक्त, कोमट असतं, त्यात लाल पेशींबरोबर प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक असं सगळं एकत्र असतं, आणि भळाभळा रक्त जाणाऱ्या माणसाला नेमकं तेच पाहिजे असतं. मग काही तुकड्यांमध्ये ओ गटाच्या, ज्यांच्या रक्तात ए-बी विरुद्धच्या अँटिबॉडीज, म्हणजे त्या गटांच्या पेशींवर हल्ला करणारे घटक, कमी आहेत अशा जवानांच्या याद्या आधीच करून ठेवायला लागले. ऑलिव्हरचीच यादी, फक्त गणवेशातली.

धोके आहेत आणि ते लपवून चालणार नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी-सी, सिफिलिस, मलेरियाचे रॅपिड किट पंधरा-वीस मिनिटांत सांगतात, पण लॅबच्या टेस्टइतके पक्के नसतात आणि नुकतीच लागण झाली असेल तर निसटू शकते. ऐनवेळी गाठलेला नातेवाईक लाजेने किंवा दडपणाखाली खरं सांगत नाही, शिवाय सख्ख्या नात्यातलं ताजं रक्त दिलं तर डोनरच्या पांढऱ्या पेशी पेशंटच्याच शरीरावर उलटायचा धोका असतो, क्वचित होतं पण झालं तर बहुतेक वेळा वाचत नाही. म्हणूनच यादी आधी पाहिजे, आणि त्यातले लोक दर काही महिन्यांनी पुन्हा तपासलेले पाहिजेत, पेशंट टेबलावर असताना माणूस शोधायला निघायचं नसतं.

दुसरा रस्ता गाडी न पोचणाऱ्या जागी रक्त पोचवायचा. रवांडात २०१६ पासून ड्रोन रक्ताच्या पिशव्या पॅराशूटने हॉस्पिटलच्या आवारात सोडतात, म्हणजे साठा एका जागी ठेवूनही लांबच्याला मिळतो. पण तिथेही आधी साठा पाहिजेच.

आणि एक अगदी साधी पद्धत आहे जी विसरली जाते. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजनळीत वाढून नळी फुटली की रक्त पोटातच साठतं, ते स्वच्छ असेल तर वाटीने काढायचं, गॉजमधून गाळायचं, सायट्रेटच्या पिशवीत भरायचं आणि त्याच बाईला परत चढवायचं. जर्मनीत योहानेस थिस यांनी १९१४ मध्ये अशा केसेस नोंदवल्या आहेत. इथे रक्तगट जुळवायला नको, दुसऱ्याचा संसर्ग नाही, डोनर शोधायला पळापळ नाही, आणि आजही अनेक ऑपरेशन थिएटरमध्ये हे रक्त सक्शनच्या, म्हणजे शोषून घेणाऱ्या यंत्राच्या, बरणीत जमा होऊन फेकलं जातं, बाहेर नातेवाईक रक्तासाठी वणवण करत असताना.