उपदेशक वर्ग

उपदेशक वर्ग : गायक विष्णु दिगंबर पलुस्करांनी लाहोरला काढलेल्या गांधर्व महाविद्यालयात संगीताचे शिक्षक तयार करण्यासाठी चालवलेला निवासी वर्ग. ‘उपदेशक’ या शब्दाचा अर्थ इथे शिकवणारा एवढाच. पंजाबात आर्य समाजाचे प्रचारकही उपदेशकच म्हणवले जात, त्यामुळे लाहोरच्या लोकांना हा शब्द परका नव्हता.

पलुस्करांचा जन्म १८७२ मध्ये कुरुंदवाडला झाला. लहानपणी दारूकामाच्या अपघातात डोळे अधू झाले आणि शाळेचा मार्ग बंद झाला. मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांनी ग्वाल्हेर गायकीची तालीम घेतली. ही तालीम जुन्या वळणाची होती. गुरूच्या घरी राहायचे, पडेल ते काम करायचे आणि बुवांच्या मनात येईल तेव्हा, येईल तेवढे घ्यायचे. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. फी, वेळापत्रक, इयत्ता, परीक्षा असा सगळा शाळेचा थाट होता. सुरुवातीचे काही दिवस कोणी फिरकेना, तेव्हा तासाची वेळ झाली की पलुस्कर एकटेच तंबोरा घेऊन गायला बसत, असे सांगतात.

विद्यार्थी यायला लागले तशी खरी अडचण पुढे आली. या वर्गांना शिकवणार कोण? नावाजलेल्या गवयांना चाळीस पोरांपुढे उभे राहून ‘सारेगम’ घोकून घेण्यात रस नव्हता, आणि वेळेवर येण्याची सवय तर त्याहून नव्हती. म्हणून शिक्षक घरातच घडवायचे ठरले. निवडलेल्या मुलांना राहणे, जेवण आणि शिक्षण मोफत. बदल्यात साधारण नऊ वर्षे विद्यालयात राहायचे आणि पुढे शिकवायचे. मुलांपैकी बहुतेक दक्षिण महाराष्ट्रातल्या गरीब ब्राह्मण घरांतली होती. विनायकराव पटवर्धन १९०७ मध्ये मिरजेहून लाहोरला गेले ते जेमतेम नऊ वर्षांचे असताना.

उपदेशकाला गाणे तर यायलाच हवे, पण तेवढ्यावर भागत नसे. खालच्या वर्गाला शिकवताना हाताने तालाची टाळी आणि ‘खाली’ (टाळी न देता दाखवायची जागा) दाखवायची, पेटीवर साथ करायची, तबल्यावर ठेका धरायचा, फळ्यावर चीज, म्हणजे रागातले बांधलेले गाणे, स्वरलिपीत लिहायची, चारचौघांत भाषण करायचे. विद्यालयाचा स्वतःचा छापखाना होता. त्यातून ‘संगीत बालप्रकाश’सारखी क्रमिक पुस्तके आणि ‘संगीतामृत प्रवाह’ हे मासिक निघे. शृंगारिक चिजांचे शब्द बदलून तिथे भक्तीचे शब्द घालण्यात आले. सभ्य घरांतल्या मुलामुलींना गाणे शिकता यावे यासाठी हे केले हे खरे, पण काही सुंदर बंदिशींचा रस त्यात आटला हेही खरे.

वर्गात शिकवण्याची कला घरच्या तालमीपेक्षा किती वेगळी, हे पट्टीवरून, म्हणजे गाताना धरलेल्या ‘सा’च्या उंचीवरून, लगेच कळते. गुरुगृही गुरूची पट्टी तीच शिष्याची. वर्गात मात्र पेटीची काळी चार ही उंच पट्टी धरली तर आवाज फुटलेली मुले तार षड्जाला (वरच्या ‘सा’ला) किंचाळतात, काळी एक ही खालची पट्टी धरली तर मुलींना खर्जात (खालच्या स्वरांत) उतरता येत नाही. मग मास्तर मधलीच एखादी पट्टी धरतात आणि ती कोणालाच सोयीची नसते. शाळांतून गाणे शिकवणाऱ्या कोणालाही विचारा, ही तक्रार अजून तशीच ऐकू येईल.

दुसरा प्रश्न लिखाणाचा. चाळीस जणांना एकच चीज एकाच तऱ्हेने शिकवायची तर ती कागदावर हवी. पलुस्करांच्या स्वरलिपीत मंद्र (खालच्या सप्तकातल्या) स्वराच्या डोक्यावर टिंब आणि तार (वरच्या सप्तकातल्या) स्वराच्या डोक्यावर उभी रेघ. स्वराखाली आडवी रेघ असली की एक मात्रा, शून्य असले की अर्धी. समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) एकचा आकडा, ‘खाली’ला अधिकचे चिन्ह. त्या काळचे दुसरे संगीतशास्त्रकार विष्णु नारायण भातखंडे यांच्या लिपीत डोक्यावरचे टिंब तार सप्तकाचे, मंद्राचे टिंब खाली. सम फुलीने आणि ‘खाली’ शून्याने दाखवायची. एका परंपरेचे पुस्तक वाचून सरावलेला विद्यार्थी दुसऱ्या परंपरेच्या वर्गात गेला की मंद्र धैवताच्या जागी तार धैवत लावतो. भातखंड्यांची लिपी सुटसुटीत होती आणि बाहेर तीच जास्त पसरली. मात्रेच्या बारीक हिशोबात पलुस्करांची सरस, असे तिचे अभिमानी म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण ती छापायला आणि डोळ्यांना जड जाते.

१९०८ मध्ये मुंबईत विद्यालय सुरू झाले आणि हळूहळू कामाचे केंद्र तिकडे सरकले. सँडहर्स्ट रस्त्यावर कर्ज काढून इमारत बांधली. कर्ज फिटले नाही आणि विसाच्या दशकात ती हातची गेली. पलुस्कर पुढे नाशिकला रामभजनात रमले आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत वारले. संस्था म्हणून वर्ग विखुरला, माणसे मात्र आधीच गावोगाव पोहोचली होती. नारायण मोरेश्वर खरे साबरमतीला गांधीजींच्या आश्रमात, शंकरराव बोडस कानपूरला, लक्ष्मणराव बोडस कराचीला. विनायकरावांनी १९३२ मध्ये पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत. पलुस्करांच्या मागे शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापले. प्रारंभिकपासून विशारद, अलंकारपर्यंतच्या त्याच्या परीक्षा आज महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांतल्या क्लासांतून दिल्या जातात, आणि ‘विशारद झाला’ हे वाक्य स्थळ सांगतानाही उपयोगी पडते.

संगीताच्या अध्यापकाला पुढे विद्यापीठात जी जागा मिळाली तिची वाट या वर्गातून गेली. ओंकारनाथ ठाकूर तरुणपणीच लाहोरच्या विद्यालयाचे प्रमुख झाले. १९५० मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात संगीत महाविद्यालय उघडले तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडे आली. तिथेच त्यांच्याकडे शिकलेल्या प्रेमलता शर्मा यांनी संस्कृत ग्रंथांच्या आधारे संगीतशास्त्राचा वेगळा विभाग उभा केला. पलुस्करांच्या वर्गाने गाणे शिकवणारा दिला होता. गाण्यावर संशोधन करणारा अध्यापक एक पिढी उशिरा आला.

या दोहोंच्या मधला दुवा म्हणजे बाळकृष्ण रघुनाथ देवधर. मिरजेचेच. गाण्याबरोबर कॉलेज करून पदवी घेतलेले, आणि मुंबईत एका इटालियन प्राध्यापकाकडे पाश्चात्त्य संगीतही शिकलेले. १९२५ मध्ये त्यांनी गिरगावच्या परिसरात स्वतःची शाळा काढली. कुमार गंधर्व तिथेच वाढले. आवाज कसा लावावा, तो का बसतो, घसा चोळून केलेला रियाज कुठे चुकतो, याचा देवधरांनी शास्त्रीय अंगाने विचार केला. एरवी हा विषय ‘पहाटे खर्ज भरा’ या सल्ल्यापलीकडे जात नसे. वेगवेगळ्या घराण्यांच्या बुजुर्गांकडून त्यांनी चिजा जमवल्या, ‘राग बोध’ भागाभागाने छापला, आणि १९४७ पासून मंडळाच्या ‘संगीत कला विहार’ मासिकाचे संपादन केले. संगीत शिक्षकांना आपसात वाद घालायला हक्काची जागा त्या मासिकाने दिली.

या वर्गावरचा नेहमीचा आक्षेप असा की त्यातून मास्तर निघाले, गवई थोडेच. तानसेन नाही तरी कानसेन (जाणते श्रोते) तयार करीन, असे पलुस्कर म्हणत, ही आठवण त्यावर उत्तर म्हणून सांगितली जाते. पण विनायकराव, ओंकारनाथ, नारायणराव व्यास हे तिघे मैफलीतही पहिल्या रांगेत बसणारे होते, तेव्हा आक्षेप पुरता टिकत नाही. त्यांच्या मैफलीचे श्रेय वर्गाच्या वेळापत्रकाला की तास संपल्यावर गुरूच्या मागे बसून धरलेल्या तंबोऱ्याला, यावर मात्र जाणकारांत अजून एकमत नाही.